किल्ली हाती आल्यानंतर
वाचकांचे प्रश्न आणि वास्तुविशारदाची उत्तरे

गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधून नव्या घरात राहायला गेलेल्या वाचकांची पत्रे दरवर्षी जुलैच्या सुमारास माझ्याकडे येऊ लागतात. तोवर वास्तुशांतीचे पाहुणे परतलेले असतात, खोकी निम्मीच उघडलेली असतात आणि पहिल्या पावसाने घराचे गुणदोष दाखवायला सुरुवात केलेली असते. यंदाच्या पत्रांतून सात प्रश्न निवडले आहेत. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आढळली, ती म्हणजे घर समजून घेण्याआधीच ते बदलण्याची घाई. त्यामुळे माझी काही उत्तरे उत्साही वाचकांना संथ वाटण्याची शक्यता आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या सर्व भिंती काँक्रीटच्या आहेत, हे आम्हांला राहायला आल्यावर कळले. सुताराच्या साध्या ड्रिलने भोक पडेना, म्हणून तो अर्धे काम टाकून निघून गेला. आईवडिलांचा फोटो, घड्याळ आणि पुस्तकांची फळी तीन महिने जमिनीवरच आहेत. एक कारागीर सांगतो की, या भिंतींना हात लावू नका. शेजारी म्हणतात, काही होत नाही. कोणाचे ऐकावे? (वाकड, पुणे)

उत्तर : तुमची इमारत ज्या पद्धतीने बांधली आहे, तिला बांधकामावरची माणसे ‘मायव्हन’ म्हणतात. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून त्यांत भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतले जातात, त्यामुळे वीट रचणे आणि जाड गिलावा करणे हे दोन्ही टप्पे येथे नसतात. अशा घरातली भिंत नुसता आडोसा नसते. वरच्या मजल्यांचा भार तीच खाली पोचवते. म्हणून कारागीर आणि शेजारी या दोघांचेही म्हणणे निम्मे निम्मे खरे आहे. फोटोसाठी किंवा फळीसाठी सहा-आठ मिलिमीटर व्यासाची, दीड-दोन इंच खोलीची भोके पाडल्याने अशा भिंतीचे काही बिघडत नाही. मात्र नवी वायर नेण्यासाठी छिन्नीने झिरी पाडणे, दोन खोल्यांमधली भिंत काढून हॉल मोठा करणे किंवा खिडकीचे माप वाढवणे, ही कामे अशा घरात करायचीच नसतात, मग ठेकेदार कितीही आत्मविश्वासाने बोलत असो.

सुताराकडचे साधे ड्रिल येथे उपयोगाचे नाही. त्यासाठी ठोके देत फिरणारे हॅमर ड्रिल लागते आणि मोठ्या हार्डवेअर दुकानांतून ते दिवसाच्या भाड्यानेही मिळते. भोक पाडताना थोडे आत गेल्यावर यंत्र अडले, तर आत सळई लागली असे समजावे आणि जोर न करता दोन इंच बाजूला सरकावे. फोटोला आणि घड्याळाला, भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारे प्लास्टिकचे बूच, ज्याला कारागीर गिट्टी म्हणतात, ते पुरेसे आहे. पुस्तकांच्या फळीला मात्र लोखंडी फास्टनर घ्यावेत, कारण तीन फुटांच्या फळीवर ओळीने पुस्तके लावली की वजन सहज पंचवीस-तीस किलोंवर जाते आणि आपण त्या फळीवर पुढे आणखी पुस्तके आडवी ठेवणार, हे मी अनुभवाने सांगते.

दुसरी काळजी भिंतीच्या आतल्या गोष्टींची. स्विचबोर्डाच्या सरळ वर व सरळ खाली आणि नळाच्या तोटीच्या सरळ रेषेत भोक पाडू नये, कारण वायरींच्या व पाण्याच्या नळ्या बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात. त्यांचा नकाशा विकसकाकडे असतो. तो मागून घ्यावा. माझ्या स्वतःच्या पहिल्या घरात, वास्तुविशारदाची पदवी भिंतीवर टांगण्याच्या घाईत, मी न्हाणीघराच्या पाठच्या भिंतीला भोक पाडायला सांगितले आणि सुताराच्या तोंडावर कारंजे उडाले. ती पदवी पुढे वर्षभर कपाटातच होती.

ज्यांच्या घरातल्या भिंती पांढऱ्या, हलक्या एएसी ब्लॉकच्या आहेत, त्यांची अडचण याच्या नेमकी उलट असते. भोक लोण्यात सुरी जावी तसे पडते, पण तो ब्लॉक हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असल्यामुळे नेहमीची गिट्टी त्यात पकड घेत नाही आणि महिन्याभरात फळी झुकू लागते. अशा भिंतीसाठी लांब आणि आत फुलणारी वेगळी गिट्टी मिळते, ती मागून घ्यावी. भिंत कोणतीही असो, फोटोच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद आधी चिकटपट्टीने आठवडाभर लावून ठेवावा. सोफ्यावर बसून, जेवताना आणि आत येताना तो जेथे डोळ्याला बरा वाटेल, ती जागा पक्की करावी. ती बहुधा पहिल्या दिवशी ठरवलेली जागा नसते.

प्रश्न : घराचा ताबा डिसेंबरमध्ये मिळाला, परंतु मुलांच्या परीक्षा होईपर्यंत घर बंद ठेवून आम्ही मे महिन्यात राहायला आलो. दार उघडले त्या दिवसापासून दोन्ही बाथरूममध्ये आणि ड्राय बाल्कनीत गटारासारखा वास येतो. फिनेल झाले, डांबरगोळ्या झाल्या, ॲसिडही झाले. आता झुरळेही दिसू लागली आहेत. नळकाम चुकले आहे का? (बदलापूर)

उत्तर : नळकाम चुकले असेल असे मला वाटत नाही, तुमचे घर पाच महिने तहानलेले होते, एवढेच. फरशीवरच्या जाळीखाली एक वाकडे भांडे बसवलेले असते, त्याला देशभरातले नळकामगार ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द आपल्या न्हाणीशी नाते सांगतो. तो निविदांत आणि हार्डवेअरच्या दुकानांत मानाने जाऊन बसला आहे, आणि आपण मात्र आपल्याच घरात त्याला ‘बाथरूमची जाळी’ म्हणतो. या भांड्यात साधारण दोन इंच पाणी कायम उभे राहते. नळाने तोंडात धरलेली ती गुळणीच समजा. सांडपाणी तिच्यातून पलीकडे जाते, पण पलीकडची हवा आणि झुरळे अलीकडे येऊ शकत नाहीत. घर बंद असले आणि त्यात उन्हाळा असला, की काही आठवड्यांत ही गुळणी वाळून जाते आणि गटाराची वाट घरात उघडते.

उपाय फुकटचा आहे. घरातल्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावे. पाहुण्यांच्या बाथरूममधली, ड्राय बाल्कनीतली आणि वॉशिंग मशीनच्या मागची जाळी विसरू नये. गावी जाताना प्रत्येक जाळीत पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडले, तर पाण्यावर तवंग धरून ते सावकाश आटते. वॉशिंग मशीनची सांडपाण्याची नळी अनेक घरांत जाळीतल्या मोठ्या भोकात नुसती खुपसलेली असते. तिच्या भोवतीच्या फटीतून वास येतो, म्हणून तेथे रबरी बूच बसवून घ्यावे.

एवढे करूनही वास राहिला, तर जाळी उचलून आत बॅटरीचा उजेड टाकावा. फरशी बसवणारे कारागीर दिवसअखेर उरलेले सिमेंटचे पाणी तेथेच ओततात आणि तो गाळ भांड्यात घट्ट बसलेला मी कितीतरी नव्या इमारतींत पाहिला आहे. तसे दिसले, तर ते साफ करून देणे विकसकाचे काम आहे. ॲसिड मात्र आजपासून बंद करावे. त्याने वास जात नाही, फरशीच्या सांध्यांतला मसाला तेवढा जातो.

प्रश्न : आम्ही अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याचा फ्लॅट घेतला आहे. घरमालकांच्या मते नोंदणीची आवश्यकता नाही, नोटरी पुरेशी आहे. सोसायटीने दरमहा ‘भाडेकरू शुल्क’ आमच्याकडे मागितले आहे. शिवाय घर सोडताना अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले जातील, असे आम्हांला आत येण्यापूर्वीच सांगण्यात आले. (ठाणे)

उत्तर : तिन्हींपैकी पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला जी सवलत आहे, तिच्यावरून ‘अकरा महिने’ हा मंत्र रूढ झाला आणि आपल्याकडे नवा कायदा येऊनही लोकांच्या तोंडी तसाच राहिला.

घरमालकांशी वाद घालण्याऐवजी त्यांना याच कलमाची दुसरी बाजू दाखवावी, असे मी सुचवेन. नोंदणीकृत करार नसेल आणि पुढे मतभेद झाला, तर करारातल्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे घरमालकावर येते. म्हणजे नोंदणी तुमच्याइतकीच त्यांच्याही हिताची आहे. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि अनामत रकमेवर दहा टक्के दराने धरलेल्या व्याजाच्या बेरजेवर पाव टक्का असते. २५,००० रुपये भाडे आणि १,००,००० रुपये अनामत असेल, तर अकरा महिन्यांसाठी ते सुमारे ७१० रुपये होते, आणि शहरी भागात नोंदणीचे १,००० रुपये वेगळे.

सोसायटीच्या शुल्काला ‘बिनभोगवटा शुल्क’, म्हणजे मालक स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचे शुल्क, म्हणतात आणि ते सभासदाकडून, म्हणजे घरमालकांकडून, घ्यायचे असते. सोसायटीने त्याचे बिल तुमच्या नावाने काढू नये. राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नाहीत. घरमालकांनी ते तुमच्या भाड्यात मिळवले असेल, तर तो तुमच्या दोघांतला व्यवहार झाला आणि तो करारात लिहिलेला असावा.

रंगाच्या बाबतीत उपाय एकच आहे. सामान आत येण्यापूर्वी रिकाम्या घराची प्रत्येक भिंत, प्रत्येक कपाटाचे दार आणि प्रत्येक नळ यांची छायाचित्रे काढावीत, विजेच्या मीटरवरचा आकडाही टिपावा आणि हे सर्व त्याच दिवशी घरमालकांना पाठवून द्यावे. तुम्ही राहायला जाऊन महिना झाला असला, तरी आज केले तरी चालेल. भाड्याच्या घरात खिळा ठोकायलाही विचारावे लागते, याचे तुम्ही पत्राच्या शेवटी दुःख व्यक्त केले आहे. मला विचाराल, तर पडदे, दिवे आणि कुंड्या या तीन गोष्टींनी भाड्याचे घर पुष्कळसे आपले होते, आणि त्या तिन्ही पुढच्या घरी सोबत नेता येतात.

प्रश्न : नव्या इमारतीत पहिल्याच पावसात शयनगृहाच्या भिंतीवर ओल आली. आरंभी हातरुमालाएवढा डाग होता, आता तो खिडकीपासून पलंगापर्यंत पसरला आहे आणि रंगाला फोड आले आहेत. विकसकाचा माणूस म्हणतो, नवे बांधकाम आहे, राहते झाले की वाळेल. रंगाऱ्याने ओल रोखणारा रंग आतून लावण्याचा सल्ला देऊन १८,००० रुपये सांगितले आहेत. (नाशिक)

उत्तर : रंगाऱ्याला आज पैसे देऊ नका. आतून लावलेला रंग पाण्याची वाट बंद करत नाही, तो फक्त पाण्याला भिंतीत कोंडून ठेवतो. मग फोड मोठे येतात आणि मागे पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, सुटतो. आधी पाणी येते कोठून हे शोधावे.

विकसकाच्या माणसाचे म्हणणे एका मर्यादेत खरे असू शकते. बांधकामात पाणी भरपूर वापरले जाते आणि ते पूर्ण वाळायला महिने लागतात. पण ती ओल सर्वत्र सारखी, फिकट असते आणि दिवसेंदिवस कमी होत जाते. तुमचा डाग वाढत आहे, तेव्हा ते कारण येथे लागू पडत नाही. घरात करण्यासारखी एक परीक्षा सांगते. फूटभर लांबीरुंदीचा ॲल्युमिनियमचा कागद, ज्यात आपण पोळ्या गुंडाळतो तोच, भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब कागदाच्या बाहेरच्या बाजूला असतील, तर ती खोलीतल्या दमट हवेची ओल आहे. खिडकी उघडी ठेवली आणि आत कपडे वाळत घालणे थांबवले, की ती कमी होते. थेंब कागदाच्या मागे असतील, तर पाणी भिंतीतून येत आहे.

तुमच्या वर्णनावरून दुसरी शक्यता अधिक वाटते. डाग खिडकीपासून सुरू झाला आहे, भिंत बाहेरची आहे आणि पत्रात तुम्ही ती पश्चिमेची असल्याचे लिहिले आहे. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येच्या आणि पश्चिमेच्या वाऱ्यासोबत येतो, म्हणून नव्या इमारतींत याच बाजूंच्या भिंती आधी भिजतात. खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट नीट भरलेली नसणे, खिडकीखालच्या दगडाचा उतार बाहेर असण्याऐवजी आत असणे आणि काँक्रीटची तुळई जेथे ब्लॉकच्या भिंतीला मिळते तेथे बारीक भेग पडणे, ही तीन कारणे मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. शेवटचे कारण त्यांतल्या त्यांत चिवट असते. काँक्रीट आणि ब्लॉक उन्हाने सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून त्यांच्या सांध्यावर गिलाव्याच्या आत लोखंडी जाळी ठोकायची असते, आणि घाईच्या कामात नेमकी तीच राहते. उतार पाहायला खिडकीच्या दगडावर कपभर पाणी ओतले तरी पुरे.

पावसाशी संबंध नसता आणि डाग छताच्या कोपऱ्यातून खाली उतरत असता, तर मी वरच्या घराच्या बाथरूमकडे बोट दाखवले असते. तेथे फरशीवर चोवीस तास पाणी तुंबवून ठेवून परीक्षा करतात आणि त्यासाठी वरच्यांशी बोलणे आधी व्हावे लागते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या भिंतींची, सामाईक नळांची आणि गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, तर एका घराच्या न्हाणीघरातून दुसऱ्या घरात येणारी गळती त्या त्या सभासदांनी.

तुमच्या बाबतीत सोसायटीच्याही आधी विकसकाची जबाबदारी येते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लेखी निदर्शनास आणून दिला, तर विकसकाने तो तीस दिवसांत, कोणतेही शुल्क न घेता, दूर करायचा असतो. तसे न झाल्यास महारेराकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. ‘लेखी’ या शब्दावर बोट ठेवून सांगते. साइट ऑफिसात जाऊन बोलणे, फोन करणे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर संताप व्यक्त करणे, यांतले काहीच उपयोगी पडत नाही. तारखेसह छायाचित्रे जोडून ईमेल आणि नोंदणीकृत टपाल, दोन्ही पाठवावे. दुरुस्ती बाहेरून व्हावी असा आग्रह धरावा. कोसळत्या पावसात बाहेरचे काम टिकाऊ होत नाही, म्हणून तात्पुरता बंदोबस्त आता आणि पक्के काम पावसानंतर, असे लेखी ठरवून घ्यावे. रंग दसऱ्यानंतरच लावावा. तोपर्यंत पलंग आणि कपाट त्या भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढून ठेवावे आणि शालू त्या कपाटातून काढून दुसऱ्या खोलीत न्यावेत.

प्रश्न : नव्या चकचकीत नळांवर दोन महिन्यांतच पांढरे डाग पडले. आम्हांला टँकरचे पाणी येते. कामवाल्या बाई ॲसिडने पुसू म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बाईंना थांबवा, नाहीतर नळांची चकाकी डागांसोबत जाईल. हे जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवले, की ते मऊ होऊन निघतात. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड असल्यामुळे त्यांच्यावर मात्र व्हिनेगर किंवा लिंबू सांडू देऊ नये. त्यांचा पृष्ठभाग कायमचा उतरतो. गीझरच्या आतही हाच थर बसत असतो, म्हणून वर्षातून एकदा तो उघडून साफ करून घ्यावा. रोजचा उपाय साधा आहे : रात्री झोपताना नळ कोरड्या फडक्याने पुसणे.

प्रश्न : ताई, माझे वय ७६ आहे. साताऱ्याचे पेठेतले घर विकून मुलाकडे पिंपरीत अकराव्या मजल्यावर राहायला आलो. मुलगा, सून, नातू सर्व चांगले आहेत. घर उत्तम आहे. पण दार सदैव बंद असते. आमच्याकडे दार फक्त रात्री लावत. येथे मला दिवसभर रात्र असल्यासारखे वाटते. हा प्रश्न तुमच्या सदरात बसतो की नाही, ठाऊक नाही. (पिंपरी)

उत्तर : दाराचा प्रश्न वास्तुविशारदाने घ्यायचा नाही, तर कोणी घ्यायचा? आपल्या पत्रातच त्याचे उत्तर दडलेले आहे. मुलाला सांगून मुख्य दाराबाहेर जाळीचे दुसरे दार बसवून घ्यावे. त्याला सेफ्टी डोअर म्हणतात. लाकडी दार सकाळी उघडायचे आणि जाळीचे दार कडी लावून बंद ठेवायचे. हवा येते, लिफ्टचा आवाज येतो, शाळेतून येणारी मुले दिसतात आणि सुरक्षितताही राहते. ते बसवण्यापूर्वी सोसायटीच्या कार्यालयाला विचारावे, कारण काही ठिकाणी सर्व मजल्यांवर एकाच नमुन्याची जाळी असावी असा आग्रह असतो, आणि दार मार्गिकेत उघडताना जिन्याची वाट अडणार नाही हे पाहावे.

त्या दाराशी आपली खुर्ची ठेवावी. पेठेतल्या घराला ओटा असतो आणि ओट्यावर बसलेल्या माणसाशी बोलायला कारण लागत नाही. फ्लॅट बांधताना आम्ही मंडळींनी ओटा काढून टाकला आणि त्याची जागा सहा फुटी मार्गिकेला दिली, ही आमच्या व्यवसायाची चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण जाळीच्या दारामागे बसलेल्या आजोबांना सकाळचा पेपर टाकणारा मुलगा पंधरवड्यात ओळखू लागतो आणि समोरच्या घरच्या बाई कुकरच्या शिट्ट्या झाल्या की ‘आजोबा, किल्ली ठेवून जाऊ का?’ असे विचारू लागतात, हे मी माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. ते सांगलीहून आमच्याकडे आले, तेव्हा तीन महिने गप्प होते. पुढे सगळ्या मजल्याच्या किल्ल्या आमच्याकडे असत.

आपण विचारलेले नाही, पण दोन गोष्टी मुलाला वाचायला द्याव्यात. बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला आणि शॉवरखाली पकडायला मजबूत दांडा बसवावा, आणि तेथली फरशी गुळगुळीत असेल तर खरबरीत फरशी किंवा न घसरणारी चटई घालावी. पेठेतल्या घरात शहाबादीवर सवयीने चालणारे पाऊल नव्या फरशीवर फसते. आणि आपण तो उंबरठा शोधत असाल, तर मिळणार नाही. बहुतेक नव्या घरांत उंबरठा फक्त बाथरूमला उरला आहे.

प्रश्न : पाडव्याला राहायला आलो, तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत छान ऊन येत होते, म्हणून माहेरून आणलेले तुळशीवृंदावन मोठ्या हौसेने तेथे ठेवले. मेपासून ऊन नाहीसेच झाले, आता पावसात पाने गळत आहेत. सासूबाईंना वाटते की, समोर उभ्या राहणाऱ्या इमारतीने ऊन अडवले. तुळस हलवावी का? (सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : समोरची इमारत या वेळी निर्दोष आहे. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य दुपारी नेमका आपल्या डोक्यावर येतो, त्यानंतर तो डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावर येऊन दक्षिणेकडे सरकतो. या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या बाल्कनीला थेट ऊन मिळतच नाही, मग समोर इमारत असो की मोकळे मैदान. मकरसंक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे आपण म्हणत असलो, तरी सूर्य प्रत्यक्षात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच उत्तरेकडे फिरतो आणि २१ जूनच्या सुमारास पुन्हा दक्षिणेकडे वळतो. दक्षिणायन आपण अशुभ मानत आलो. दक्षिणेची बाल्कनी असलेल्यांनी मात्र त्याचे स्वागत करावे.

तुळस तात्पुरती हलवावी. तुमच्या नकाशात स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला दिसते. तिच्या कठड्यावर वृंदावन मावणार नाही, तेव्हा रोप एका साध्या कुंडीत काढून तेथे ठेवावे आणि वृंदावन रिकामे तेथेच राहू द्यावे. पाने गळण्याचे दुसरे कारण पाणी आहे. ऊन कमी आणि हवा दमट असताना मातीतले पाणी सुकत नाही, आणि आपण तर पूजेच्या वेळी रोज तांब्याभर घालतो. पावसाळ्यात बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. पूजेपुरते पळीभर पुरे. वृंदावनाच्या तळाचे भोक बुजलेले नाही ना, हेही या निमित्ताने पाहून घ्यावे.

सप्टेंबरमध्ये रोप परत जागेवर न्यावे. पाडव्याच्या दिवसांत तुमच्या बाल्कनीत दुपारचे ऊन कठड्यापासून जेमतेम तीन फूट आत आले असेल. वरचा स्लॅब नऊ फुटांवर आहे असे धरले, तर डिसेंबरात तेच ऊन आठ फूट आत येते, म्हणजे चार-पाच फुटांची बाल्कनी ओलांडून थेट बैठकीत. सासूबाईंना खात्री पटवायची असेल, तर सप्टेंबरपासून दर पौर्णिमेला दुपारी साडेबाराला उन्हाच्या कडेशी खडूने एक रेघ मारून ठेवावी. तुळशीच्या लग्नापर्यंत ती रेघ सरकत्या दाराच्या आत आलेली असेल.